सेहेचाळिसाव्याची वाट

दहावीच्या विज्ञानाच्या वहीत सूत्री विभाजनाची आकृती काढली नाही असा विद्यार्थी महाराष्ट्रात सापडणं अवघड. चार गोल, खाली पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशी नावं, उजवीकडे पट्टीने ओढलेल्या रेषा आणि त्यांच्या टोकांना ‘तुर्कतंतू’, ‘गुणसूत्रबिंदू’, ‘ताराकेंद्र’. दुसऱ्या गोलात गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी, तिसऱ्यात दोन्हीकडे निघालेली. आकृतीला पूर्ण गुण मिळतात आणि मनात एक समजूत पक्की बसते, की पेशीचं विभाजन म्हणजे शाळेची कवायत. एक शिट्टी वाजली की रांग, दुसरी वाजली की पांगापांग.

जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गोलाच्या मध्ये बरंच काही घडताना दिसतं. गुणसूत्रं मधल्या रेषेकडे येतात, मागे हेलकावतात, एखादं भलतीकडेच ओढलं जातं आणि पुन्हा परततं. जर्मनीतल्या कील शहरात वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या डिंभांच्या पेशी वर्षानुवर्षं पाहिल्या आणि १८८२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ‘मायटोसिस’ हा शब्द त्यांचाच. धागे नेमके उभे चिरले जातात आणि अर्धे इकडे, अर्धे तिकडे जातात हे त्यांनी टिपलं. पण ते अचूक कसं घडतं, हे उलगडायला पुढची शंभर वर्षं लागली. त्या शंभर वर्षांत जे समजलं, त्यातलं फारच थोडं त्या चार गोलांपर्यंत पोहोचलं आहे.

‘दोन्हीकडे ४६ गेली की झालं’

पहिला गैरसमज संख्येचा. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. विभाजनापूर्वी प्रत्येकाची प्रत तयार होते आणि दोन्ही प्रती एकमेकींना चिकटून राहतात. म्हणजे वाटायच्या असतात ९२ प्रती, आणि दोन्ही कन्यापेशींना ४६-४६ मिळाल्या की हिशेब पुरा, असं वाटतं. तसं नाही. एका पेशीला सातव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आणि आठव्याची एक कमी मिळाली, तरी बेरीज ४६च भरते. पेशी मात्र बिघडलेली असते.

हे सिद्ध केलं थिओडोर बोव्हेरी यांनी, १९०२ मध्ये, सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांवर. एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले की गुणसूत्रांचे तीन संच होतात आणि अंडं एकदम चार पेशींत विभागलं जातं. वाटणी अर्थातच वेडीवाकडी होते. बोव्हेरींनी त्या चार पेशी एकमेकींपासून सुट्या करून वाढवल्या, तेव्हा प्रत्येकीची वाढ वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडली. प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं असल्याशिवाय हे होणार नव्हतं. एकूण संख्येपेक्षा प्रत्येक प्रकारची नेमकी एकेक प्रत मिळणं महत्त्वाचं, हा त्यांचा निष्कर्ष आजही जसाच्या तसा टिकून आहे.

संख्या जास्त म्हणजे प्राणी प्रगत, हीही अशीच एक समजूत. सह्याद्रीच्या जंगलात संध्याकाळी कुत्र्यासारखं भुंकणारं भेकर अनेकांनी ऐकलं असेल. त्याच्या मादीच्या पेशीत फक्त ६ गुणसूत्रं असतात, नराच्या पेशीत ७. सस्तन प्राण्यांतली ही सर्वांत कमी संख्या आहे. चीनमधल्या त्याच्या जवळच्या नातलगाकडे मात्र ४६. दोघं दिसायला जवळजवळ सारखेच. भेकराकडे पुन्हा यायचं आहे.

‘धागे निघतात आणि थेट गुणसूत्राला चिकटतात’

चरख्याच्या चातीसारखा, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता आकार हे तुर्कतंतू घेतात. प्रत्येक तंतू म्हणजे ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा रचून बनलेली नळी, जाडी मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाइतकी. १९८४ मध्ये टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी दाखवलं, की ही नळी सतत अस्थिर असते. हळूहळू वाढत जाते, अचानक कोसळते, पुन्हा वाढू लागते. शेजारची वाढत असते तेव्हा ही ढासळत असते.

पहिल्यांदा ऐकताना हा निव्वळ अपव्यय वाटतो. पण दिवे गेल्यावर काडेपेटी शोधणारा माणूस काय करतो? हात पुढे करतो, काही लागलं नाही की मागे घेतो, दुसरीकडे चाचपतो. नळ्या तेच करतात. गुणसूत्रबिंदूच्या दोन्ही बाजूंना प्रथिनांची एकेक थाळी असते, तिला कायनेटोकोअर म्हणतात. वाढती नळी योगायोगाने तिला लागली की पकड बसते आणि ती नळी टिकते. जिला काही सापडलं नाही ती कोसळते. न्यूट या उभयचर प्राण्याच्या फुप्फुसातल्या पेशी मोठ्या आणि चपट्या असतात. १९९०मध्ये त्यांच्यात हा पकडण्याचा क्षण संशोधकांना प्रत्यक्ष पाहता आला. माणसाच्या एका थाळीवर अशा वीसेक नळ्या येऊन बसतात.

आता खरी अडचण. अंधारात हाताला लागेल ते धरायचं म्हटल्यावर चुका होणारच. दोन्ही प्रती एकाच टोकाला बांधल्या गेल्या, तर त्या दोन्ही एकाच पेशीत जातील. पेशीला डोळे नाहीत. चूक कळणार कशी?

याचं उत्तर ब्रूस निक्लास यांनी नाकतोड्याच्या पेशींत शोधलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात काम करताना ते काचेच्या अतिशय बारीक सुईने जिवंत पेशीतलं एकेक गुणसूत्र ढकलत, ओढत. १९६९ मध्ये त्यांनी सहकारी कोख यांच्यासह प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचताना आजही थरार जाणवतो. चुकीची पकड थोड्या वेळात आपोआप सुटते, हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी चुकीच्या पकडीतलं गुणसूत्र सुईने विरुद्ध बाजूला ताणून धरलं. पकड सुटली नाही. चूक तशीच होती, फक्त ताण आला होता, आणि पेशीने तेवढ्यावर भरवसा ठेवला.

रस्सीखेचेत दोन्ही संघ ओढत असतील तरच दोर ताठ राहतो; दोन्ही संघ एकाच बाजूला गेले की तो लोंबतो. पेशी दोर ताठ आहे की सैल, एवढंच तपासते. दोन थाळ्यांच्या मधोमध ऑरोरा-बी नावाचं एक एन्झाइम बसलेलं असतं. ताण नसेल तर नळ्यांची पकड त्याच्या आवाक्यात राहते आणि ते ती सैल करत राहतं. दोन्हीकडून ओढ लागली की थाळ्या ताणून दूर जातात आणि त्याच्या तावडीतून सुटतात. योग्य जोडणी शोधून काढणारी यंत्रणा पेशीकडे नाही. चुकीची जोडणी टिकू न देणारी आहे.

आकृतीत मोठ्या थाटात दाखवलेल्या ताराकेंद्रांबद्दल इथेच सांगायला हवं. या साऱ्याचं नेतृत्व त्यांच्याकडे आहे असं वाटतं. पण आंब्याच्या किंवा ज्वारीच्या पेशीत ताराकेंद्रं नसतात आणि तरी विभाजन होतं. मानवी स्त्रीबीजातही ती नसतात. २००० साली सस्तन प्राण्यांच्या पेशीतली ताराकेंद्रं लेझरने नष्ट करून पाहिली, तेव्हाही दोन टोकांची चाती तयार झाली.

‘सगळं वेळापत्रकानुसार चालतं’

कवायतीच्या समजुतीतला सर्वांत मोठा दोष हा. मध्यावस्थेनंतर ठरावीक मिनिटांनी पश्चावस्था येते, किंवा बहुतेक गुणसूत्रं तयार झाली की पेशी पुढे जाते, असं मानलं जातं. पण पेशी घड्याळ पाहून निघत नाही आणि बहुमतही घेत नाही. ४५ गुणसूत्रं जागेवर आणि एक राहिलेलं असेल, तर ४५ थांबतात.

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी इथे कॉन्ली रीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटोरू या छोट्या कांगारूसदृश प्राण्याच्या मूत्रपिंडातल्या पेशी निवडल्या, कारण त्यांत गुणसूत्रं मोजकी आणि पेशी विभाजनातही चपट्या राहतात. शेवटची थाळी पकडली गेल्यानंतर साधारण तेवीस मिनिटांनी प्रती वेगळ्या होतात, हे त्यांनी मोजलं. एक थाळी जरी मोकळी असली तरी पेशी तासन्‌तास थांबून राहायची. मग १९९५ मध्ये त्यांनी ती शेवटची मोकळी थाळी लेझरने जाळून टाकली. गुणसूत्र अजून दोन्हीकडून जोडलेलं नव्हतंच. तरीही पेशी पुढे निघाली.

या प्रयोगाने एक मोठा प्रश्न निकालात काढला. जोडलेल्या थाळ्या ‘चला’ म्हणत नाहीत. मोकळी थाळी ‘थांबा’ म्हणते, आणि तिचा एकटीचा आवाज सगळ्या पेशीला पुरतो. त्याच वर्षी निक्लास आणि शाओटोंग ली यांनी प्रार्थना कीटकाच्या पेशीत, जोडणी बिघडल्यामुळे अडून बसलेलं गुणसूत्र सुईने ताणलं आणि थांबलेली पेशी पुढे गेली.

हा आवाज कोणत्या प्रथिनांचा, याचा माग बेकरीत वापरतात त्या यीस्टमध्ये आधीच लागला होता. १९९१ मध्ये दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे नळ्या विरघळवणारं औषध यीस्टला दिलं. निरोगी यीस्ट थांबतं आणि औषध निघून गेल्यावर पुन्हा कामाला लागतं. काही उत्परिवर्तित यीस्ट मात्र थांबायचंच विसरलं. नळ्या नसताना विभागत गेलं आणि मेलं. त्यातून मॅड आणि बब ही दोन जनुककुटुंबं सापडली. यीस्टमधली ही जनुकं थोड्याफार फरकाने माणसातही तेच काम करतात. मोकळ्या थाळीवर मॅड-२ हे प्रथिन आपला आकार बदलतं आणि सीडीसी-२० या दुसऱ्या प्रथिनाला अडकवून ठेवतं. विभाजनाची पुढची पायरी सीडीसी-२० शिवाय उघडत नाही.

‘गुणसूत्रं ओढून तोडली जातात’

पुढची पायरी म्हणजे काय, याबद्दलही चुकीचं चित्र डोक्यात असतं. तुर्कतंतू जोर लावतात आणि जोडलेल्या प्रती फाडून वेगळ्या करतात, असं आकृती पाहून वाटतं. प्रत्यक्षात जोर आधीपासूनच लागलेला असतो. प्रती वेगळ्या होत नाहीत, कारण त्यांना कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधून ठेवलेलं असतं. प्रत तयार होते त्याच वेळी ही कडी घातली जातात. बंध इतके मजबूत नसते तर वर सांगितलेला ताण निर्माणच झाला नसता आणि चूक कळली नसती. बरोबर वाटणी होण्यासाठी आधी घट्ट एकत्र राहावं लागतं.

शेवटची थाळी पकडली गेली की सीडीसी-२० मोकळं होतं. मग सेक्युरिन हे प्रथिन नष्ट केलं जातं आणि त्याने आजवर धरून ठेवलेलं सेपरेज हे एन्झाइम सुटतं. सेपरेज कडी कापतं. किम नॅस्मिथ यांच्या व्हिएन्नातल्या प्रयोगशाळेने १९९९ आणि २००० मध्ये हे यीस्टमध्ये दाखवून दिलं. त्यांनी कड्यामधली कापण्याची जागा बदलून तिथे तंबाखूच्या एका विषाणूच्या एन्झाइमला ओळखता येईल अशी जागा बसवली. मग ते परकं एन्झाइम पेशीत तयार होऊ दिलं. कडी कापली गेली आणि प्रती दोन्हीकडे निघाल्या. बाकी काहीच करावं लागलं नाही.

आणि प्रती सरकतात त्याही दोर गुंडाळल्यासारख्या नाहीत. थाळी नळीच्या टोकाला धरून असते आणि नळी त्याच टोकाकडून ढासळत जाते. ढासळण्यातून मिळणाऱ्या बळावरच प्रत पुढे जाते.

‘एवढा पहारा म्हटल्यावर चूक होणारच नाही’

होते. पहारेकरी दोनच गोष्टी पाहतो, थाळी मोकळी आहे का आणि ताण आहे का. एखाद्या थाळीला दोन्ही टोकांच्या नळ्या एकाच वेळी चिकटल्या, तर थाळी मोकळी नसते आणि ताणही असतो. पेशी पुढे निघते, ते गुणसूत्र दोन्हीकडून ओढलं जात मध्येच रेंगाळतं आणि कधी चुकीच्या पेशीत जातं. इथे भेकर उपयोगी पडलं. त्याची गुणसूत्रं मोठी आणि थाळ्या लहानमोठ्या आकारांच्या असल्याने २०१८ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातल्या प्रयोगशाळेने त्याच्या पेशींत पाहिलं, की थाळी जितकी मोठी तितकी अशी दुहेरी पकड होण्याची शक्यता जास्त. गुणसूत्रांची वाटणी पूर्ण निःपक्ष नसते.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या निरोगी मानवी पेशींत साधारण शंभर विभाजनांमागे एखादी चूक दिसते. कर्करोगाच्या काही पेशींत ती दर चार-पाच विभाजनांमागे एक किंवा त्याहून जास्त. त्यावरून कर्करोगात पहारेकरीच मेलेला असतो, असा समज वैद्यकाच्या विद्यार्थ्यांमध्येही आढळतो. बहुतेक ट्यूमरमध्ये तो जिवंत असतो आणि मोकळी थाळी दिसली तर थांबवतोही. दोष बऱ्याचदा वेगळाच निघतो. नळ्यांची पकड गरजेपेक्षा घट्ट असते, त्यामुळे चुकीची जोडणी वेळेत सुटत नाही. २००९ मध्ये अशा पेशींत पकड सैल करणारी प्रथिनं वाढवून पाहिली, तेव्हा चुका कमी झाल्या.

दारातली सदाफुली या गोष्टीत थेट येते. तिच्यातून मिळणारी व्हिंब्लास्टिन आणि व्हिंक्रिस्टिन ही औषधं ट्युब्युलिनला चिकटतात आणि नळ्या बनू देत नाहीत. कर्कपेशी विभागायला घेते, थाळ्या मोकळ्याच राहतात, पहारेकरी थांबवून ठेवतो आणि थांबून थांबून अनेक पेशी मरतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिंक्रिस्टिन हे आजही महत्त्वाचं औषध आहे. हातापायांना मुंग्या येण्याचा त्याचा दुष्परिणामही याच नळ्यांमुळे होतो: चेतापेशी विभागत नाहीत, पण त्यांच्या लांबलचक शाखांमधली सगळी मालवाहतूक या नळ्यांवरून चालते. म्हणूनच सदाफुलीचा पाला चावून किंवा रस काढून पिण्याचे घरगुती सल्ले कोणीही मानू नयेत. वाळलेल्या पानांच्या शेकडो किलोंतून जेमतेम ग्रॅमभर व्हिंक्रिस्टिन निघतं आणि डॉक्टर ते शिरेतून मोजून देतात. पानात किती आणि कोणतं द्रव्य आहे हे घरी मोजता येत नाही, आणि त्यातली बरीच विषारी आहेत.

‘आईचंच काहीतरी चुकलं असणार’

या लेखातला सर्वांत जास्त दुःख देणारा गैरसमज हा, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. डाउन सिंड्रोम असलेलं बाळ जन्माला आलं, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला, की घरात चौकशी सुरू होते. ग्रहणात बाहेर गेली होती का? पपई खाल्ली का? जड बादली उचलली का? प्रश्न विचारणाऱ्यांत सासूच असते असं नाही. पुष्कळदा ती बाई स्वतःच स्वतःला रात्रंदिवस विचारत असते.

पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली आढळते. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. पॅरिसमध्ये १९५९ मध्ये जेरोम लेज्यून, मार्त गोतिए आणि रेमों त्युर्पें यांनी हे जाहीर केलं. पेशी वाढवण्याचं मूळ काम गोतिए यांचं होतं आणि त्याचं श्रेय त्यांना फार उशिरा मिळालं. हे जादा गुणसूत्र सुमारे नव्वद टक्के वेळा स्त्रीबीजातून येतं. उरलेल्यांत बराचसा भाग वडिलांच्या शुक्राणूचा असतो.

‘स्त्रीबीजातून’ याचा अर्थ ‘आईच्या वागण्यातून’ असा होत नाही, आणि त्याचं कारण पेशीच्या आतच आहे. स्त्रीबीजाचं अर्धगुणसूत्री विभाजन सुरू होतं ते ती स्त्री तिच्या आईच्या पोटात असताना. जन्मापूर्वीच ते मध्ये थांबतं आणि त्या बीजाची पाळी येईपर्यंत थांबूनच राहतं, कधी पंधरा वर्षं, कधी चाळीस. गुणसूत्रं बांधून ठेवणारी कोहेसिनची कडी तेव्हाच, गर्भावस्थेत, घातलेली असतात. उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं आहे की ती नंतर नव्याने घातली जात नाहीत आणि वयाबरोबर कमी होत जातात. बंध सैल झाले की ताण नीट येत नाही. त्यात २०१५ मध्ये मेलिना शू यांच्या गटाने मानवी स्त्रीबीजांचं चित्रण केलं तेव्हा दिसलं, की त्यांतली चाती तयार व्हायला सोळा तासांच्या आसपास लागतात आणि त्या वेळात ती पुन्हा पुन्हा डळमळते. शरीरातल्या साध्या पेशीचं काम तासाभरात होतं.

म्हणून वयाचा परिणाम होतो. पंचविशीत डाउन सिंड्रोमची शक्यता साधारण १,२५० जन्मांत एक, पस्तिशीत ३५०च्या आसपास एक, चाळिशीत सुमारे १०० मध्ये एक. तरीही तरुण मातांनी आपल्याला धोका नाही असं समजू नये. एकूण बाळंतपणंच तरुण वयात जास्त होतात, त्यामुळे डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बहुतेक माता पस्तिशीच्या आतल्या असतात. आणि ग्रहणाचं म्हणाल, तर गरोदर बाईला ते लागतं तेव्हा बाळाच्या गुणसूत्रांची संख्या बहुतेक वेळा कधीच ठरून गेलेली असते. काल खाल्लेली पपई किंवा परवा उचललेली बादली मागे जाऊन ती बदलू शकत नाही.

डाउन सिंड्रोम असलेल्या शंभरातल्या तीन-चार मुलांत कारण वेगळं असतं: २१वं गुणसूत्र दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला जोडलं गेलेलं असतं, आणि आई किंवा वडील यांपैकी कोणीतरी, स्वतः पूर्ण निरोगी असूनही, ही जोडणी बाळगत असू शकतं. पुढच्या बाळाचा विचार करताना हे ठाऊक असणं गरजेचं असतं, म्हणून अशा वेळी डॉक्टर दोघांच्याही गुणसूत्रांची तपासणी सुचवतात.

ही तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, पेशीच्या त्या थांबण्यावरच उभी आहे. रक्ताच्या नमुन्यातल्या पांढऱ्या पेशी साधारण ७२ तास वाढवतात आणि मग त्यांत कोल्चिसिनच्या जातीचं द्रव्य घालतात. कोल्चिसिन हे पावसाळ्यात कोकणात, घाटात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातलं आणि बियांतलं विष. त्याने नळ्या विरघळतात, सगळ्या थाळ्या मोकळ्या होतात आणि पेशी वाट पाहत उभी राहते. हे द्रव्य आणि पेशी फुगवणारं पातळ द्रावण वापरूनच १९५६ मध्ये जो हिन त्यियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमधल्या लुंड इथे माणसाची गुणसूत्रं नीट मोजली. त्याआधी तीसेक वर्षं पाठ्यपुस्तकांत ४८ हा आकडा छापला जात होता. थांबलेल्या पेशीत गुणसूत्रं सर्वांत आखूड, जाड आणि सुटी दिसतात. प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवते, चांगली पसरलेली एक पेशी शोधते, तिचं छायाचित्र घेते आणि पहिल्या जोडीपासून मोजायला सुरुवात करते.